आमची रिप चोरली हो!

पायरसीवर लिहायचं म्हटलं की लोक दोनच गोष्टी लिहितात. एक, इंडस्ट्रीचं किती नुकसान होतं, आणि दुसरी, सगळं इतकं महाग करून ठेवलंय तर लोकांनी करायचं काय. दोन्हीचा चोथा झालाय, मला त्यात पडायचं नाहीये. मला भारी वाटते ती वेगळीच गोष्ट. हे जे सिनेमे फोडणारे ग्रुप असतात ना, ज्यांचं सगळं कामच दुसऱ्याची वस्तू न विचारता उचलण्याचं, त्यांच्यात आपापसात चोरीवरून जी भांडणं लागतात ती कधी वाचलीयत का? आमची रिप (म्हणजे डिस्कवरून किंवा स्ट्रीमवरून काढलेली कॉपी) ढापली, आमचं नाव पुसून स्वतःचं चिकटवलं, लाज नाही वाटत का दुसऱ्याच्या मेहनतीवर नाव कमवायला... अक्षरशः ही भाषा. पहिल्यांदा वाचताना हसून मुरकुंडी वळते, म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण जरा जास्त वाचलं की कळतं, हे लोक त्यांच्या हिशोबाने एकदम सरळ बोलतायत. त्यांच्या जगात मालकी मोजतच नाहीत, मोजतात ते श्रेय. कॉपी करा, वाटा, जगभर पसरवा, कोणी केलंय त्याचं नाव तेवढं पुसू नका.

मी स्वतः पोटापाण्यासाठी सबटायटलिंग करते, रीतसर वालं, त्यामुळे हा श्रेयाचा मुद्दा मला जरा जास्तच टोचतो. त्यावर येतेच.

आधी थोडी ओळख, कारण बाहेरून बघणाऱ्याला सगळे टोरंटवाले, म्हणजे एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फाईली वाटणारे, सारखेच दिसतात. सगळ्यात वरचा मजला म्हणजे ज्याला नुसतं 'सीन' म्हणतात तो. ऐंशीच्या दशकात गेम आणि सॉफ्टवेअरचं कॉपी प्रोटेक्शन तोडणाऱ्या पोरांपासून आलेली ही परंपरा, सिनेमे आणि टीव्ही नंतर आले. यांचे स्वतःचे खाजगी सर्व्हर असतात, टॉपसाईट म्हणतात त्यांना, तिथे रिलीज टाकलं की त्याला 'प्री' करणं म्हणायचं, आणि प्रीची वेळ सेकंदासकट नोंदली जाते कारण पहिला कोण यावरच सगळी इज्जत अवलंबून. तुम्हाआम्हाला तिथे प्रवेश नाही. टोरंटवर जे दिसतं ते तिथून कोणीतरी बाहेर झिरपवलेलं असतं, आणि सीनवाल्यांच्या मते खरा गुन्हा हाच, म्हणजे सिनेमा फोडला हा नाही, तो बाहेर दिला हा! दुसरा मजला पी-टू-पी ग्रुपांचा, हे थेट पब्लिकसाठी किंवा खाजगी ट्रॅकरसाठी (निवडक सदस्यांच्या टोरंट साईट) रिप बनवतात, यांच्यातले काही जण कामात सीनपेक्षा कैक पटीने बारकाईवाले असतात. आणि त्याखाली री-अपलोडर, आयत्या बिळावरचे नागोबा, ज्यांनी आयुष्यात एक डिस्क रिप केलेली नसते पण पेजवर नाव मात्र सगळ्यात मोठ्या अक्षरात ह्यांचंच.

सीनला पब्लिकची किती फिकीर आहे हे २०१२ च्या फेब्रुवारीत दिसलं होतं. टीव्ही रिप करणाऱ्या ग्रुपांनी मिळून ठरवलं की यापुढे एक्सव्हिड आणि एव्हीआय हे जुने फॉरमॅट बंद, एक्स२६४ (व्हिडिओ दाबून छोटा करणारं नवं सॉफ्टवेअर) वापरायचं. तेव्हा लोकांच्या घरचे डीव्हीडी प्लेअर एव्हीआयच चालवायचे, त्यामुळे टोरंट साईटवर नुसता शिमगा, आमच्या टीव्हीवर चालत नाही, जुनं परत आणा वगैरे. फुकटात मिळणाऱ्या मालाबद्दल गिऱ्हाईक म्हणून तक्रार! सीनने ढिम्म ऐकलं नाही, कारण त्यांच्या लेखी हे लोक गिऱ्हाईक नव्हतेच, प्रेक्षकही नव्हते, न बोलावता ताटावर बसलेले पाहुणे होते.

आता नियम. तुम्ही जर कधी सीनची नियमावली वाचली नसेल तर विश्वास बसणार नाही इतकं सरकारी प्रकरण आहे ते. २००२ ची टीडीएक्स२००२ नावाची डिव्हएक्स (तेव्हाचा एक व्हिडिओ फॉरमॅट) रिपसाठीची नियमावली, नंतर तिच्या सुधारित आवृत्त्या, मग ब्लू-रेसाठी वेगळी, टीव्हीसाठी वेगळी, आणि खाली सह्या केल्यासारखी सहमत ग्रुपांची यादी. रिझोल्यूशन किती, क्रॉप (कडेचा काळा भाग कापणं) किती पिक्सेलपर्यंत चुकलेला चालेल, ऑडिओ कुठला, आर्काइव्हचे तुकडे किती आकाराचे, फाईलच्या नावात कुठली अक्षरं चालतील, सगळं. २०१६ ला वेबवरून उतरवलेल्या व्हिडिओंसाठी नियम आले त्यात एक कलम मला फार आवडतं, स्ट्रीमिंगवरून जसाच्या तसा, हात न लावता घेतलेला व्हिडिओ असेल तर 'वेब' लिहायचं आणि पुन्हा एन्कोड केला असेल, म्हणजे नव्याने दाबून बनवला असेल, तर 'वेबरिप', आणि यात खोटं लिहिलं तर रिलीज बाद. म्हणजे बघा, माल चोरीचा, पण लेबलवर काय लिहायचं याबाबतीत कडक प्रामाणिकपणा. स्ट्रीमिंगवाले स्वतः 'एचडी'चा शिक्का मारून काय काय दाखवतात ते आठवलं की मला या कलमाबद्दल आदरच वाटतो.

नियम मोडला की 'न्यूक'. म्हणजे फाईल नष्ट वगैरे होत नाही, रिलीजच्या नोंदीवर कायमचा शेरा पडतो, कारणासकट. ऑडिओ मागेपुढे होतोय, क्रॉप चुकलाय, एक सीन गायब आहे, आधीच दुसऱ्या ग्रुपने काढलंय म्हणजे डुप, आणि आपल्या विषयाचं कारण म्हणजे सोर्स चोरीचा आहे, पी-टू-पी वाल्यांकडून उचललाय. सीन ग्रुपने डिस्क स्वतः मिळवायला हवी, स्ट्रीमवरून स्वतः उतरवायला हवं, दुसऱ्याने केलेलं घेऊन नाव बदलून प्री केलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. पहिल्याच्या रिलीजमध्ये खोट असेल तर तुम्ही 'प्रॉपर' असं लिहून तोच सिनेमा पुन्हा काढू शकता, पण तेव्हा सोबतच्या एनएफओ नावाच्या माहितीच्या फाईलमध्ये पहिल्याची नेमकी काय चूक झाली ते लिहावं लागतं, पुरावा द्यावा लागतो. उगाच प्रॉपर म्हटलं तर तुम्हीच न्यूक. मी बघितलेल्या कित्येक संपादकीय मंडळांपेक्षा ही पद्धत नीट आहे, म्हणून ठेवते.

बरं, चोरी पकडतात कशी? इथे खरी मजा आहे. फाईलचं नाव म्हणजे सिनेमाचं नाव, साल, १०८०पी, ब्लू-रे, एक्स२६४ आणि मग एक डॅश आणि डॅशच्या पुढे ग्रुपचं नाव. तो डॅश आणि त्यापुढची पाचसात अक्षरं म्हणजे सही. ती बदलायला दोन सेकंद लागतात, राईट क्लिक, रीनेम, झालं. पण आतली फाईल तीच असेल तर तिचा आठ अक्षरी चेकसमही (फाईलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा कोड) तोच येतो, आणि जुन्या रिलीजचे चेकसम, एनएफओ, प्रीच्या वेळा जपून ठेवणारे डेटाबेस आहेत, म्हणजे नाव बदलून पकडला जाणारा हा एकदम शिकाऊ चोर. जरा हुशार असेल तो व्हिडिओ दुसऱ्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या प्रकारच्या फाईलमध्ये, घालतो, एखादा ऑडिओ ट्रॅक काढतो, चेकसम बदलला. पण एक्स२६४ एन्कोडरला एक खोड आहे, तो आपली व्हर्जन आणि सगळी सेटिंग्ज व्हिडिओच्या आतच लिहून ठेवतो. मीडियाइन्फो नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल टाकली की ती लांबलचक ओळ समोर येते, आणि दोन वेगवेगळ्या ग्रुपांच्या स्वतंत्र म्हणवणाऱ्या रिपमध्ये ती ओळ अक्षर न अक्षर सारखी आणि बिटरेटही तंतोतंत तोच असेल तर बोलायला काही उरत नाही.

त्याहून पक्का चोर व्हिडिओ पुन्हा एन्कोड करतो. सेटिंग्ज गेल्या. मग हे लोक काय करतात तर दोन्हींचे स्क्रीनशॉट एकाच फ्रेमला थांबवून शेजारी शेजारी लावतात आणि चुका शोधतात. मूळ रिपरने खालची एक पिक्सेलची काळी रेघ कापायची विसरली होती, ती रेघ नव्या रिपमध्येही आहे. अमुक मिनिटाला अंधाऱ्या सीनमध्ये भिंतीवर चौकोन चौकोन फुटले होते, इथेही तिथेच फुटलेत. परीक्षेत पुढच्याचा पेपर बघून लिहिणारा पोरगा जसा बरोबर उत्तराने कधी सापडत नाही, चुकीच्या उत्तराने सापडतो, तसंच हे. आणि हे सगळं कशासाठी, तर एका फाईलच्या नावातल्या शेवटच्या पाच अक्षरांसाठी! पैसे नाहीत, खरं नाव नाही, उद्या पोलिसांनी पकडलं तर हेच श्रेय पुराव्यात जमा होणार.

हो, पैशांचं. सीनच्या तत्त्वात पैसे हा मोठा पाप-विषय. कॉपी विकणारा, सर्व्हरचा ॲक्सेस विकणारा हा त्यांच्या नजरेत सगळ्यात खालचा, आणि गेम फोडणाऱ्या ग्रुपांच्या एनएफओत तर आवडलं तर विकत घ्या असंही लिहिलेलं असतं. ते किती मनापासून असतं देव जाणे. थिएटरात कॅमेरा धरून केलेल्या कॉप्यांवर आता बेटिंगच्या साईटच्या जाहिराती फिरतात, मधेच व्हिडिओ थांबवून जाहिरात लावतात, त्यावर जुने लोक जे भडकतात ते बघण्यासारखं असतं. आमच्या काळात असं नव्हतं, हे सूर पायरेट्सही लावतात.

पण तत्त्व हे तत्त्वापुरतं. २०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी स्पार्क्स नावाच्या ग्रुपच्या मागे १८ देशांत मिळून कारवाई केली, तिघांवर आरोप ठेवले, तेव्हा आरोपपत्रात काय होतं तर हे लोक डिस्क वितरकांना थापा मारून बाजारात यायच्या आधीच्या ब्लू-रे मिळवायचे. म्हणजे आपापसात सोर्सबद्दल खोटं बोलायचं नाही, बाहेरच्यांशी कितीही. घरातली शिस्त घरापुरती.

नाव चोरण्याची सगळ्यात मोठी उदाहरणं मात्र पी-टू-पी मध्ये घडली. २००५ ते २००९ च्या आसपास ॲक्सो नावाचा एक रिपर होता, डीव्हीडीवरून ७०० एमबीची, एका सीडीत मावेल अशी रिप, आणि इतकी नेमाने यायची की लोक सिनेमाचं नाव न शोधता त्याचंच नाव सर्च करायचे. झालं, सगळ्या भुरट्यांनी आपल्या फाईलला ॲक्सो लिहायला सुरुवात केली, त्यातल्या बऱ्याच व्हायरसवाल्या. इथे चोरीची दिशा उलटी आहे बघा, दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवायचं सोडून आपला कचरा दुसऱ्याच्या नावावर. ह्यालाही वाङ्मयचौर्याचाच भाऊ म्हणायला हवा, आणि माझ्या मते थोरला भाऊ. पहिल्या प्रकारात फार तर रिपरचा अहंकार दुखावतो, दुसऱ्यात बघणाऱ्याचा कॉम्प्युटर जातो.

ईझेडटीव्हीचं तर त्याहून वाईट झालं. टीव्ही सिरीज वाटणारा जुना ग्रुप, २०१५ मध्ये भलत्याच लोकांनी त्यांचे डोमेनच बळकावले, मूळ चालकाने कंटाळून गाशा गुंडाळला, आणि साईट त्याच नावाने पुढे चालू, जणू काही झालंच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यिफी बंद पडलं, न्यूझीलंडमधून चालणारं, छोट्या साईजच्या रिपसाठी गाजलेलं, अमेरिकेतल्या स्टुडिओंच्या संघटनेने केस केली आणि कोर्टाबाहेर मिटवली. थोड्याच दिवसांत तिसऱ्याच कोणीतरी तेच नाव, तोच लोगो घेऊन दुकान उघडलं. बहुतेक लोकांना आजही वाटतं तेच जुने लोक आहेत. आणि २०२० ला बातमी आली की ह्या नव्या यिफीवाल्यांनी खटल्यातून सुटण्यासाठी आपल्या युजर्सची माहिती निर्मात्यांच्या वकिलांना दिली. उसन्या नावावर टाकलेला विश्वास हा असा फेडला. जुना यिफी फार साधू होता असं नाही, त्याच्या रिपची क्वालिटी बघून अनेक खाजगी ट्रॅकरवर त्याच्या फाईलींना बंदीच होती, पण निदान तो जो होता तो होता.

आता माझ्या गावात येते, सबटायटल.

ह्या सगळ्या श्रेयाच्या बाजारात सगळ्यात जास्त लुटला जातो तो सबटायटल करणारा. सबटायटलची एसआरटी फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघा कधी. आकडा, मग सुरू-बंदची वेळ मिलिसेकंदापर्यंत, मग मजकूर, मग मोकळी ओळ, परत पुढचा आकडा. बस एवढंच. कुलूप नाही, चेकसम कोणी बघत नाही, आत एन्कोडरची खूण नाही. पहिल्या किंवा शेवटच्या आकड्याखाली ज्याने भाषांतर केलं त्याचं टोपणनाव असतं आणि ते डिलीट करायला बॅकस्पेस पुरतो. मग दुसरा कोणीतरी दुसऱ्या रिपला जुळावी म्हणून सगळी फाईल दीड सेकंद पुढे सरकवतो, आणि खाली 'सिंक आणि करेक्शन' असं स्वतःचं नाव लावतो, मूळ भाषांतरकार गायब. दीड सेकंद सरकवायला सॉफ्टवेअरला एक क्षण लागतो, आणि दोन तासांच्या सिनेमात हजार-दीड हजार ओळी असतात, एकेक ओळ दोन सेकंदात वाचून होईल अशी कापायची असते, विनोद मरू द्यायचा नसतो, शिवी मवाळ करायची नसते. हौशी सबटायटलवाले म्हणून मग सापळे लावतात, कुठेतरी मुद्दाम एक विचित्र शब्द, एक नको तिथला स्वल्पविराम, की पुढे कोणी ढापलं तर बोट ठेवता यावं.

कायद्यात तर ह्यांना दोन्हीकडून मार. स्वीडनमध्ये २०१३ ला हौशी सबटायटलच्या एका साईटवर पोलिसांची धाड पडली, व्हिडिओ नव्हताच तिथे, नुसता मजकूर. नेदरलँड्समध्ये तर हौशी लोक स्वतःहून कोर्टात गेले होते, आमचं काम वैध आहे असं सांगा म्हणून, आणि २०१७ ला ॲमस्टरडॅमच्या कोर्टाने सांगितलं की संवाद मूळ लेखकाचे, परवानगीशिवाय भाषांतर वाटणं म्हणजे कॉपीराइटचा भंग. कायद्याने बरोबर आहे ते, मी वाद घालणार नाही. पण ह्याच जमातीचं काम बडे लोक गुपचूप वापरतात त्याचं काय? नेटफ्लिक्स २०१२ मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालं तेव्हा एका जुन्या सिरीजच्या सबटायटलमध्ये डिव्हएक्स फिनलंड ह्या हौशी साईटचं क्रेडिट तसंच राहून गेलेलं लोकांना दिसलं. चोरावर मोर, आणि मोराने पिसं झटकायचीही तसदी घेतली नाही. गेमच्या बाजूला २०१० मध्ये रॉकस्टार ह्या गेम कंपनीचं, त्यांच्या एका जुन्या गेमच्या स्टीम ह्या ऑनलाईन दुकानात विकल्या जाणाऱ्या कॉपीची फाईल कोणीतरी हेक्स एडिटरमध्ये (फाईलच्या आतला कच्चा मजकूर दाखवणारं टूल) उघडली तर आत मिथ ह्या क्रॅकिंग ग्रुपचा अक्षरांनी काढलेला लोगो. स्वतःचंच कुलूप उघडायला चोराची किल्ली वापरली, आणि पैसे घेऊन विकली. ह्यात चोर कोण ठरवा तुम्हीच, मला जमलं नाही.

माझ्या स्वतःच्या कामाची गोष्ट सांगते. एका प्लॅटफॉर्मसाठी मी केलेल्या सबटायटलमध्ये शेवटच्या ओळीला माझं नाव असतं, करारातच आहे तसं. आता ते दिसतं कधी, तर श्रेयनामावली पूर्ण खाली गेल्यावर. आणि प्लॅटफॉर्म काय करतो, नामावली सुरू झाली रे झाली की पुढच्या एपिसोडकडे उडी. म्हणजे नाव आहे, करार पाळलाय, आणि जगात ते कोणीही पाहिलेलं नाही. एकदा एका ओळखीच्याने स्क्रीनशॉट पाठवला, अगं तुझं नाव आलं! आणि तो होता पायरेटेड कॉपीचा. जसंच्या तसं उतरवायचं, हात लावायचा नाही ह्या नियमामुळे पूर्ण फाईल शेवटपर्यंत चालते ना. खूश व्हावं की चिडावं कळेना, दोन्ही झाले मी. नंतर तेच सबटायटल आणखी एका ठिकाणी दिसलं, तिथे माझ्या नावाच्या जागी कुठल्याशा चॅनलला जॉईन व्हा असं लिहिलेलं.

ह्या लोकांना नीतीची जाण नाही असं मात्र म्हणता येणार नाही. २०१५ च्या डिसेंबरमध्ये हाईव्ह-सीएम८ नावाच्या ग्रुपने पुरस्कारांसाठी परीक्षकांना पाठवलेल्या स्क्रीनर कॉप्या एकामागून एक सोडल्या, त्यात एक गाजावाजा झालेला सिनेमा थिएटरात लागायच्याही आधी आला. त्यावर बरीच बोंब झाली, आणि मग ग्रुपने चक्क माफी मागितली, की थिएटरच्या आधी सोडायला नको होतं. म्हणजे कुठेतरी एक रेघ आहे, थिएटरनंतर चालेल, आधी नाही. ही रेघ कोणी आखली, निर्मात्याला विचारून आखली का, हे विचारायचं नाही.

आणि इथेच माझं त्यांच्याशी फिसकटतं. एनएफओ फाईल उघडा, काय सुंदर अक्षरचित्रं असतात, खाली मित्र ग्रुपांना सलाम, जुन्या साथीदारांची आठवण, रिपर कोण सप्लायर कोण ते टोपणनावांनी. सिनेमाबद्दल काय, तर आयएमडीबीची एक लिंक. दिग्दर्शक नाही, एडिटर नाही, साऊंडवाला तर नाहीच नाही. यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, अहो त्यांची नावं सिनेमातच आहेत की, आम्ही कुठे पुसली. खरंय. पण ७०० एमबीच्या जमान्यात एन्कोडिंगचं गॉर्डियन नॉट नावाचं टूल फार चालायचं, त्यात शेवटच्या श्रेयनामावलीसाठी वेगळी सेटिंग होती, तेवढा भाग हलक्या क्वालिटीत एन्कोड करायचा म्हणजे वाचलेली जागा मुख्य सिनेमाला. हुशार युक्ती, अनेक जण वापरायचे. त्यामुळे त्या काळातल्या कित्येक रिपमध्ये सिनेमा चकाचक आणि शेवटची दोनतीनशे नावं म्हणजे काळ्यावर वर सरकणारी पांढरी भुकटी. न्यूकची कारणं मी खूप वाचलीत, एका पिक्सेलसाठी बाद झालेल्या रिप पाहिल्यात, नावं वाचता येत नाहीत ह्या कारणासाठी बाद झालेली एकही नाही.